भूमी देण्यापूर्वी भूमी पाहावी : भद्रावतीचा शतकापूर्वीचा धडा

वरोऱ्याहून चंद्रपूरकडे निघाले असता विसेक किलोमीटरवर भद्रावती लागते. तेथील श्री स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथ तीर्थ हे या परिसरातील प्रत्येक जैन कुटुंबाचे श्रद्धास्थान आहे. घरातील नव्या सुनेला प्रथम दर्शनास नेणे असो, वर्षीतपाची सांगता असो वा नव्या दुकानाचा मुहूर्त असो, वरोरा, हिंगणघाट, वणी आणि चंद्रपूर येथील मंडळींची पावले आपोआप भद्रावतीकडे वळतात. या तीर्थाची स्वप्नकथा लहान मुलांनाही ठाऊक आहे. परंतु ज्या झाडीत ती मूर्ती होती, त्या झाडीची सरकारी पाहणी स्वप्नापूर्वी सुमारे चाळीस वर्षे चालू होती, आणि नंतर तेथील भूमी विधिपूर्वक संघाच्या स्वाधीन झाली, हा इतिहासाचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही.

आज चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत वनजमिनीच्या अदलाबदलीचे विषय वारंवार निघतात. खाणीसाठी, रस्त्यासाठी, कालव्यासाठी जंगल दिले जाते आणि त्याच्या मोबदल्यात दुसरीकडची जमीन वनखात्याकडे येते. अशा प्रसंगी झाडे मोजली जातात, वन्यप्राण्यांचा विचार होतो, पिकांचे व घरांचे मोल ठरते. जमिनीच्या पोटातील वारशाची मोजदाद मात्र क्वचितच होते. ती का व्हावी, याचे उत्तर भद्रावतीच्या इतिहासातच आहे.

झाडीत हरवलेले नगर

भद्रावतीचे पूर्वीचे प्रचलित नाव भांदक. रेल्वे स्थानकाने ते नाव जपले आहे. लोकपरंपरा या गावाचा संबंध यौवनाश्व राजाच्या भद्रावती नगरीशी आणि श्यामकर्ण अश्वाच्या कथेशी जोडते. कथेचा भाग बाजूला ठेवला तरी येथे एक मोठे प्राचीन नगर होते याविषयी संशय नाही. विजासन टेकडीतील लेणी, भद्रनागाचे मंदिर, चंडिकेचे मंदिर, जुने तलाव, किल्ला आणि शेताशेतांत विखुरलेले कोरीव दगड त्याची साक्ष देतात.

इंग्रजी अमदानीत या अवशेषांकडे प्रथम लक्ष गेले ते महसुलाच्या निमित्ताने. मेजर लुसी स्मिथ यांनी चांदा जिल्ह्याची जमाबंदी केली आणि १८६९ च्या सुमारास तिचा अहवाल सिद्ध झाला. शेतसारा ठरविण्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या या अधिकाऱ्याने जिल्ह्यातील प्राचीन वास्तूंचीही दखल घेतली. त्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ ते १८७५ या काळात मध्य प्रांताचा दौरा केला. त्या दौऱ्याच्या अहवालात भांदकला चांगलेच स्थान मिळाले आहे. वैनगंगेच्या काठावरील मार्कंडा येथील शिल्पसमृद्ध मंदिरांची वाखाणणीही त्यांनी याच काळात केली. पुढे हेन्री कझिन्स यांनी मध्य प्रांत व वऱ्हाड येथील प्राचीन अवशेषांची जिल्हावार यादी तयार केली, ती १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली.

या मंडळींनी केलेले काम कोणाही हिशेबी माणसास आवडावे असे आहे. त्यांनी टेप लावून मोजले आणि मोजलेले लिहून ठेवले. १९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये भांदकच्या तलावातील बेटाकडे जाणाऱ्या जुन्या दगडी पुलाचे माप दिले आहे : लांबी १३६ फूट, रुंदी ७ फूट, खाली भक्कम खांबांच्या दोन ओळी आणि त्यांवर टाकलेल्या लांब शिळांचा रस्ता. विजासनच्या लेण्यात सरळ डोंगरात ७१ फूट गेलेली वाट, तिच्या शेवटी बुद्धाची भव्य बैठी मूर्ती आणि उजव्या-डाव्या बाजूंस निघालेल्या दोन वाटांच्या शेवटी आणखी गाभारे, असे वर्णन आहे. आज एखादी शिळा खचली वा खांब नाहीसा झाला, तर काय होते आणि काय गेले हे सांगता येते, कारण सव्वाशे वर्षांपूर्वीचा आकडा कागदावर आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. भांदकची भूमी कोणा एका धर्माची नाही. लेणी बौद्धांची आहेत, नागमंदिर व चंडिकामंदिर हिंदूंची श्रद्धास्थाने आहेत, पार्श्वनाथ प्रभूंची मूर्ती जैनांची आहे, आणि या साऱ्या प्रदेशावर कित्येक शतके चांद्याच्या गोंड राजांचे राज्य होते. अनेकान्त मानणाऱ्या समाजाला या भूमीचा इतिहास वाचताना एकच पान उघडून भागणार नाही.

हललेला दगड, हललेला इतिहास

पाहणीत आकड्यांइतकेच महत्त्व जागेला असते. हे पटण्यासाठी भांदकच्याच नावाशी निगडित असलेली एक घटना पाहण्याजोगी आहे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात पांडुवंशातील भवदेव रणकेसरी या राजाच्या काळाचा एक शिलालेख आहे. तो भांदक येथून आला असे दीर्घ काळ मानले गेले. त्यावरून भांदक हे त्या राजवंशाचे ठाणे होते, असे निष्कर्षही निघाले. पुढे विद्वानांनी जुने कागद आणि लेखातील मजकूर पुन्हा तपासला, तेव्हा तो दगड आजच्या छत्तीसगडातील आरंग येथील असल्याचे दिसून आले. दगड खरा होता, त्यावरील अक्षरे खरी होती. तो कोठून उचलला याची नोंद तेवढी झालेली नव्हती. तेवढ्या एका उणिवेमुळे एक राजवंश शेकडो किलोमीटर दूर नेऊन बसविला गेला.

याच्या उलट उदाहरण भांदक येथे मिळालेल्या राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या ताम्रपटाचे आहे. तो शके ६९४ म्हणजे इ. स. ७७२ चा आहे. राष्ट्रकूटांच्या पुढच्या पिढ्यांतील अमोघवर्ष हा जैन आचार्य जिनसेन यांना गुरुस्थानी मानणारा राजा म्हणून प्रसिद्ध आहे, त्यामुळे या घराण्याचे नाव निघताच जैन वाचकाला आपलेपणा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भांदकच्या ताम्रपटातील दान एका सूर्यमंदिरासाठी आहे. जे लिहिले आहे तेच वाचावे, हवे ते त्यात घालू नये, ही शिस्तही पुरातत्त्वाने शिकविली आहे. आठव्या शतकात या प्रदेशावर कोणाची सत्ता होती हे मात्र या ताम्रपटामुळे निश्चित सांगता येते.

भांदक ही वाकाटकांची राजधानी असावी, ह्युएन त्संगाने पाहिलेली कोसलाची राजधानी हीच असावी, असे तर्कही पूर्वी केले गेले. आज वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे नगरधन, आणि दुसरीची वत्सगुल्म म्हणजे वाशिम, असे मानले जाते. तर्क आले आणि गेले. स्थळांची वर्णने आणि मापे मात्र उपयोगी राहिली. पहिल्या पाहणीतून लगेच अंतिम सत्य हाती येत नाही, पण पुढच्या पिढीला चूक दुरुस्त करण्याचे साधन मिळते, हे तिचे खरे मोल होय.

स्वप्न, मूर्ती आणि सरकारी दफ्तर

आता तीर्थाच्या प्रसिद्ध कथेकडे वळू. तीर्थाच्या इतिहासात सांगितले जाते की, विक्रम संवत् १९६६ च्या माघ शुद्ध पंचमीस, म्हणजे फेब्रुवारी १९१० मध्ये, शिरपूरच्या श्री अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाचे व्यवस्थापक श्री. चतुर्भुजभाई पुंजाभाई यांना स्वप्न पडले. स्वप्नात ते भांदकच्या घनदाट झाडीत फिरत होते, समोर एक विशाल नाग आला आणि त्याने एका प्राचीन तीर्थाचे दर्शन घडविले. काही दिवसांनी ते शोधार्थ निघाले आणि भांदकच्या जंगलात त्यांना श्री पार्श्वनाथ प्रभूंची श्यामवर्ण भव्य प्रतिमा मिळाली. आसपासचे ग्रामस्थ तिला केसरियाबाबा म्हणून भजत असत.

या कथेतील ग्रामस्थांचा उल्लेख सहसा घाईने वाचला जातो, पण तो फार महत्त्वाचा आहे. मूर्ती कोणाची हे त्यांना ठाऊक नव्हते, तीर्थंकर हा शब्दही कदाचित त्यांच्या कानावर आला नसेल. तरीही त्यांनी तिला शेंदूर, फूल, नारळ देऊन जपले, तिची जागा मोडली नाही. आजही जंगलातील जुन्या दगडांविषयी सर्वांत आधी ठाऊक असते ते गुराख्याला, मोहफुले वेचणाऱ्या बाईला आणि गावच्या भूमकाला. जो सर्वेक्षक त्यांना विचारीत नाही त्याची पाहणी अपुरीच राहते.

तीर्थाच्या इतिहासात पुढे असेही नमूद आहे की, ही जागा त्या वेळी सरकारी पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली होती. म्हणून केवळ मूर्ती सापडली एवढ्याने तिची पूजाअर्चा सुरू करता आली नाही. चंद्रपूर, हिंगणघाट, वर्धा इत्यादी गावांच्या संघाला सरकारकडे अर्ज करावा लागला, हक्क सांगावा लागला, पाठपुरावा करावा लागला. १९०४ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला होता. धार्मिक वापरातील स्मारकांच्या पावित्र्याचा विचार त्या कायद्यात होता, आणि अवशेष वाटेल तसे हलविण्यावर वा मोडण्यावर नियंत्रणही होते. संघाने सनदशीर मार्ग धरला. जीर्णोद्धार होऊन विक्रम संवत् १९७६ च्या फाल्गुन शुद्ध तृतीयेस, म्हणजे १९२० मध्ये, श्री जयसूरीजी यांच्या हस्ते प्रतिष्ठा झाली. त्यानंतर मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी तीर्थास भेट दिली आणि १४२ एकर भूमी तीर्थाला दिली, असे तीर्थाचा इतिहास सांगतो. स्लाय १९२० ते १९२५ या काळात गव्हर्नर होते.

या सर्व घटनांचा क्रम लक्षात घ्यावा. आधी १८६९ पासूनची पाहणी, मग यादी, मग संरक्षण, मग ओळख आणि शेवटी हस्तांतर. हा क्रम उलटा झाला असता तर? त्या काळी या भागात रेल्वेमार्ग व सडका होत होत्या. कोरीव दगड खडीसाठी फोडले जाणे ही तेव्हा देशभरातील नेहमीची गोष्ट होती. सिंधमधील प्राचीन ब्राह्मणाबाद आणि पंजाबातील हडप्पा येथील विटा रेल्वेमार्गाच्या भरावात गेल्या, हे सर्वश्रुत आहे. भांदकची झाडी एखाद्या ठेकेदारास न पाहता दिली गेली असती, तर चतुर्भुजभाईंचे स्वप्न खरे ठरण्यास जागाच उरली नसती. श्रद्धेने मूर्ती शोधली, परंतु शोधण्यासाठी ती जागेवर शाबूत राहिली याचे श्रेय ग्रामस्थांच्या भक्तीला आणि पाहणी करणाऱ्यांच्या नोंदींनाही आहे.

जंगलाची जमाबंदी आणि मुका वारसा

इंग्रजी राजवटीत १८७८ चा आणि पुढे १९२७ चा भारतीय वन कायदा झाला. एखादे जंगल राखीव करायचे तर आधी अधिसूचना काढावी, गावात जाहीरनामा लावावा, लोकांना हक्क सांगण्यास किमान तीन महिन्यांची मुदत द्यावी, वन जमाबंदी अधिकाऱ्याने चौकशी करावी आणि मगच जंगल राखीव म्हणून जाहीर करावे, अशी ती पद्धत आहे. गुरचराई, पाणवाट, रहदारी, शेती यांचे दावे तीत ऐकले जातात.

कायद्याची ही रचना दावा सांगणाऱ्या माणसाभोवती आहे. जमिनीत गाडलेली मूर्ती दावा दाखल करीत नाही. तिच्या वतीने बोलणारा कोणी नसला तर चौकशीच्या कागदांत तिचा उल्लेख येत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीची अनेक जंगले अशाच चौकशीतून राखीव झाली. त्यामुळे जंगलाची हद्द, बुरूज, कंपार्टमेंट क्रमांक यांचे नकाशे उपलब्ध आहेत, पण त्या जंगलातील जुन्या वस्तीच्या खुणा, दगडी वर्तुळे, पडकी देवळे आणि गढ्या यांची एकत्रित नोंद सापडणे कठीण. चिमूर तालुक्यातील हिरापूरची महापाषाणीय स्मारके, चंद्रपूरजवळच्या पापामिया टेकडी परिसरातील अश्मयुगीन हत्यारे, ही स्थळे लोकांना माहीत झाली ती अभ्यासक पायी फिरले म्हणून.

अदलाबदलीचा कायदा आणि नमुन्यातील एक रकाना

१९८० मध्ये वन संवर्धन कायदा आला. वनजमीन वनेतर कामासाठी वापरायची असेल तर केंद्र सरकारची पूर्वसंमती घ्यावी, हे त्याचे मुख्य सूत्र. २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन त्याचे नावही बदलले, तरी सूत्र कायम आहे. जेवढी वनजमीन वळती होते, तेवढीच वनेतर जमीन सर्वसाधारणपणे वनखात्याला द्यावी लागते आणि तेथे पर्यायी वनीकरण करावे लागते. साध्या भाषेत ही जमिनीची अदलाबदलच होय.

वनजमीन वळती करण्याच्या प्रस्तावाच्या नमुन्यात, त्या क्षेत्रात संरक्षित पुरातत्त्वीय स्थळ, वारसास्थळ किंवा अन्य महत्त्वाचे स्मारक आहे काय, अशी विचारणा असते. हा रकाना आहे ही समाधानाची बाब आहे. परंतु त्याचे उत्तर यादी पाहून दिले जाते. यादीत नाव असेल तर ‘आहे’, नसेल तर ‘निरंक’. १८६९ पूर्वी असा नमुना असता, तर भांदकच्या झाडीपुढेही ‘निरंक’ असेच लिहिले गेले असते, कारण तोवर त्या अवशेषांची पद्धतशीर यादीच नव्हती. खतावणीत खाते उघडलेले नाही म्हणून येणे-देणे नाहीच, असे कोणताही व्यापारी मानीत नाही. तो आधी रोजमेळ तपासतो. जमिनीच्या बाबतीत रोजमेळ तपासणे म्हणजे त्या जागी प्रत्यक्ष फिरणे.

अदलाबदलीत जमिनीचे तुकडे दोन असतात, हेही सहसा विसरले जाते. जंगलाचा तुकडा खाणीला जातो तेव्हा त्याची चर्चा तरी होते. मोबदल्यात येणारी पडीक वा मुरमाड जमीन मात्र ‘तेथे काहीच नाही’ असे समजून घेतली जाते. मग तेथे यंत्राने चर खणले जातात, रोपांसाठी खड्डे घेतले जातात. विदर्भातील महापाषाणीय दगडी वर्तुळे नेमकी अशाच माळरानावर व मुरमाड उंचवट्यांवर आढळतात. न जाणणाऱ्यास ती शेतकऱ्याने वेचून टाकलेल्या धोंड्यांच्या राशीप्रमाणे दिसतात. अडीच हजार वर्षांपूर्वीची दफने वनीकरणाच्या चरात एका दुपारी नष्ट होऊ शकतात, आणि आपण काही मोडले हे काम करणाऱ्यास कळतही नाही. म्हणून पाहणी व्हायची तर दोन्ही तुकड्यांची व्हावी.

कोळशावरची माती

वरोऱ्याचा आणि कोळशाचा संबंध जुना आहे. १८७० नंतरच्या दशकात येथे सरकारी कोळसा खाण सुरू झाली, त्यासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली, आणि १९०६ मध्ये ती खाण बंद पडली. या रेल्वेने व खाणीने वरोऱ्याची बाजारपेठ घडविली. पुढे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींनी वरोरा-भद्रावती पट्ट्यात मोठा रोजगार दिला. या भागातील अनेक कुटुंबांची दुकानदारी, वाहतूक व ठेकेदारी यांवरच उभी राहिली. तेव्हा कोळसा नको असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु जुन्या भूमिगत खाणीत आणि उघड्या खाणीत एक मोठा फरक आहे. भूमिगत खाणीत वरचा थर बराचसा जागेवर राहत असे. उघड्या खाणीत कोळशावरची सारी माती व दगड प्रथम काढून त्यांचे डोंगर रचले जातात. खाणीच्या हिशेबात ही माती निरुपयोगी भार आहे. इतिहासाच्या हिशेबात माणसाच्या वावराच्या सगळ्या खुणा याच वरच्या काही हातांच्या थरात असतात. एकदा ती माती ढिगावर गेली की तिच्यातून निघालेल्या मूर्तीचे वा नाण्याचे मूळ स्थान, खोली आणि शेजार कायमचा नष्ट होतो. आरंगच्या शिलालेखाचे जे झाले तेच येथे प्रत्येक वस्तूचे होते.

मातीखाली किती जुने धन असू शकते, याचे उदाहरण वरोरा तालुक्यातच आहे. पिसदुरा या लहानशा गावाच्या शिवारात डायनासोरची हाडे व त्यांच्या विष्ठेचे अश्म सापडतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, हे स्थळ अभ्यासकांना माहीत आहे. २००५ मध्ये याच पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत गवताचे सूक्ष्म अवशेष आढळल्याचे संशोधन ‘सायन्स’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि डायनासोरच्या काळात गवत होते हे सिद्ध झाले. जे शिवार ओलांडून वरोऱ्याचे व्यापारी उधारी वसुलीस जात, त्या शिवारातील खड्यांनी साऱ्या जगाच्या पाठ्यपुस्तकात भर घातली.

आधी पाहणी झाली तेव्हा

विकास आणि वारसा यांत एकच निवडावा लागतो, हा समज चुकीचा आहे. आंध्र प्रदेशात कृष्णेवर नागार्जुनसागर धरण होण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यात विस्तृत उत्खनन केले. इक्ष्वाकूंची राजधानी, स्तूप, विहार, मंदिरे आणि अश्मयुगापासूनच्या वस्तीच्या खुणा उजेडात आल्या. महत्त्वाच्या वास्तू उंच जागी पुन्हा उभारण्यात आल्या. ती टेकडी आता जलाशयातील बेट आहे आणि तेथे संग्रहालय आहे. धरणही झाले, लाखो एकर जमीन भिजली आणि इतिहासही वाचला.

अमेरिकेत १९६६ च्या ऐतिहासिक वारसा कायद्यानुसार केंद्र सरकारची वनजमीन अदलाबदलीने दुसऱ्याच्या हाती जायची असेल, तर तेथील प्राचीन अवशेषांवर काय परिणाम होईल याचा विचार संबंधित खात्याला आधी करावा लागतो. त्यासाठी पुरातत्त्वज्ञ जमीन पायी पाहतात व अहवाल देतात. जमीन सरकारच्या हातून गेली की तिच्यावरील संरक्षणही जाते, हे त्यामागचे साधे तत्त्व आहे. आपल्याकडे १९५८ चा केंद्रीय आणि १९६० चा महाराष्ट्राचा प्राचीन स्मारक कायदा जाहीर केलेल्या स्थळांना भक्कम संरक्षण देतो. २०१० च्या दुरुस्तीने केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाईही केली. प्रश्न उरतो तो अजून जाहीर न झालेल्या, अजून न पाहिलेल्या स्थळांचा.

आपल्या संघाचे काम

संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण केली, या निमित्ताने समाजाने या विषयात काय करावे, याचा विचार मांडणे अप्रस्तुत होणार नाही. पहिली गोष्ट, मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी प्रसिद्ध होते. सुनावणीत विरोध किंवा पाठिंबा एवढेच बोलावे असे नाही. ‘दोन्ही जमिनींची पुरातत्त्वीय पाहणी करून अहवाल जोडावा’ अशी एक लेखी मागणी संस्थेच्या पत्रावर देता येते. नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे व राज्य पुरातत्त्व विभागाचे कार्यालय नागपुरात आहे. पानगळ झाल्यावर, फाल्गुन-चैत्रात, जंगलातील जमीन उघडी दिसते. त्या दिवसांत काही जाणकारांनी पायी फिरणे हा मोठा खर्च नव्हे.

दुसरी गोष्ट, शेतात वा पायाभरणीत मूर्ती, नाणी अथवा भांडे निघाल्यास ते श्रद्धेने लगेच उचलून देरासरात आणण्याचा मोह आवरावा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे, आणि त्या सूचनेत वस्तूचे स्वरूप, सापडल्याची जागा व तारीख द्यावी लागते. जागा आणि तारीख हे दोन शब्द भवदेवाच्या शिलालेखासोबत टिकले असते, तर विद्वानांचा कित्येक वर्षांचा घोळ टळला असता. मुर्तिजापूर तालुक्यातील राजनापूर खिनखिनी येथे सापडलेल्या प्राचीन जैन धातुमूर्ती नागपूरच्या संग्रहालयात सुरक्षित आहेत. त्या कोठल्या हे कळते म्हणूनच वऱ्हाडातील जैन परंपरेचा पुरावा म्हणून त्यांचे मोल आहे.

तिसरी गोष्ट, जुन्या मूर्तींवर सिमेंट, ऑइलपेंट वा घाईचे लेप टाळावेत. त्याखाली लेख असेल तर तो वाचण्याची संधी जाते.

चौथी आणि सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे एक नोंदवही. वरोरा व भद्रावती तालुक्यांतील प्रत्येक जुन्या दगडाची, बारवेची, पडक्या देवळाची, गोंड बांधवांच्या देवठाण्याची, दर्ग्याची वा लेण्याची एक नोंद असावी. त्यात गाव, गट क्रमांक, माप, छायाचित्र आणि ज्या वृद्धाने माहिती सांगितली त्याचे म्हणणे यावे. त्यात आपले आणि परके असा भेद नसावा. केसरियाबाबांना जपणाऱ्या ग्रामस्थांनी मूर्तीचा धर्म विचारला नव्हता. त्या ऋणाची फेड करण्याचा हाच योग्य प्रकार आहे. अशा नोंदवहीची एक प्रत तहसील कार्यालयात व एक वनपरिक्षेत्र कार्यालयात दिली, तर उद्या कोणाही अधिकाऱ्यास त्या रकान्यात ‘निरंक’ लिहिण्यापूर्वी पाहण्यास काही तरी असेल.

हिशेब लिहिण्याची सवय जैन समाजाला पिढ्यान्‌पिढ्या आहे. प्राचीन ज्ञानभांडारांतून हजारो हस्तलिखिते याच सवयीने वाचली. आता तीच शिस्त जमिनीसाठी वापरण्याची वेळ आहे. सुवर्ण महोत्सवाच्या खर्चातून एक जाडजूड वही, एक टेप आणि एक कॅमेरा घेतला आणि पाठशाळेच्या चार तरुणांना सुटीच्या दिवशी गावोगाव पाठविले, तर येत्या पर्युषणापूर्वी पहिली पन्नास पाने सहज भरतील.

जय जिनेंद्र.